पिशवीला ‘बॅग’ म्हणणारा मदतनीस

मॅडम, नमस्कार.

मी मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी कॉलेजात समाजशास्त्र शिकवते, तासिका तत्त्वावर. वय ३२. सोबत पीएच.डी. चालू आहे. विषय ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांचं स्थलांतर आणि आरोग्य. माझं शिक्षण सगळं मराठीतून झालं, पण प्रबंध इंग्रजीतच लिहा असा सरांचा आग्रह. त्यामुळे गेली दीड वर्षं मी चॅटजीपीटी वापरते आहे. आधी माझ्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत लिहायचं, मग त्याच्याकडून नीट करून घ्यायचं. दुसऱ्या प्रकरणासाठी लेखांचे सारांशही त्याच्याकडूनच करून घेतले. त्यातले काही परिच्छेद थोडे फिरवून तसेच ठेवलेत. पाच-सहा संदर्भ त्याने सुचवले होते, परवा लायब्ररीत शोधले तर दोन कुठेच सापडेनात. ४२ बायकांच्या मुलाखती मी मराठीत उतरवल्या होत्या, त्या त्याच्यात टाकून भाषांतर करून घेतलं. त्यात थोड्या गमती झाल्यात (खाड्याचं ‘पिट’, पिशवीचं ‘बॅग’), त्या दिसतील तशा दुरुस्त करते आहे.

दोन महिन्यांवर प्री-सबमिशन आहे. आमच्या ग्रुपवर मेसेज फिरतोय की एआय दहा टक्क्यांच्या वर निघालं की नोंदणी रद्द. मैत्रीण म्हणते, मजकूर ‘ह्युमन’ करून देणारं एक ॲप आहे, महिन्याचे पैसे भर आणि मोकळी हो. सर म्हणतात, “सगळेच वापरतात, कुठे लिहीत बसू नका.” एका कार्यशाळेत सांगितलं की चॅटजीपीटीचाही संदर्भ द्यावा लागतो. दिला तर आपल्याच हाताने कबुली दिल्यासारखं होणार नाही का? आणि नाही दिला तर शेवटी जे प्रतिज्ञापत्र सही करून द्यायचं ते खोटं. रात्र रात्र झोप नाही. काय करू?

— एक संशोधक विद्यार्थिनी


नमस्कार.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. टक्के, ॲप आणि प्रतिज्ञापत्र यांवर तुम्ही अर्धं पत्र खर्च केलंत आणि मुलाखतींना दोन वाक्यं दिलीत. त्यातही ‘गमती’ हा शब्द. विद्यापीठाच्या ग्रंथालयात माझी नोकरी गेली, प्रबंध जमा करायला आलेले शेकडो चेहरे पाहिले, आणि भीती बहुतेक वेळा चुकीच्या कपाटापाशी उभी असलेली पाहिली. तुमचंही तसंच झालंय. पण झोपेचा प्रश्न आहे म्हणून टक्क्यांचं आधी उरकते.

ते दहा टक्के आले विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांतून. वाङ्मयचौर्य रोखण्यासाठी काढलेले ते नियम. साम्य दहा टक्क्यांपर्यंत असेल तर किरकोळ, शिक्षा नाही. दहाच्या वर चाळीसपर्यंत असेल तर जास्तीत जास्त सहा महिन्यांच्या मुदतीत सुधारून पुन्हा द्यायचं. चाळीसच्या वर साठपर्यंत गेलं तर एक वर्ष पुन्हा सादर करता येत नाही. नोंदणी रद्द होते ती साठच्या वर. आणि हे सगळे टक्के साम्याचे आहेत, म्हणजे तुमचं वाक्य आधीच कुठे छापलेल्या वाक्याशी किती जुळतं त्याचे. रीतसर संदर्भ देऊन घेतलेली अवतरणं, संदर्भसूची, ऋणनिर्देश यांतून वगळलेले असतात. एआयचा त्यात शब्द नाही. असणार कुठून? चॅटजीपीटी लोकांच्या हाती आलं ३० नोव्हेंबर २०२२ ला. ग्रुपवरच्या कुणीतरी एका आजाराचं औषध दुसऱ्याला लावलं आणि बाकीच्यांनी ते पुढे ढकललं. तुमच्या विद्यापीठाने एआयबद्दल स्वतंत्र परिपत्रक काढलं असेल तर ते मात्र तुम्हाला लागू आहे. पीएच.डी. विभागात जा, कागद मागा, त्यावरची तारीख बघा. फॉरवर्डवर विसंबून कुणी प्रबंध लिहीत नाही.

आता एआय ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरचं. हा आकडा वेगळा असतो आणि तो फार कच्चा असतो. खुद्द ओपनएआयने, म्हणजे चॅटजीपीटी बनवणाऱ्यांनीच, जानेवारी २०२३ मध्ये असं एक साधन काढलं होतं. यंत्राने लिहिलेल्या मजकुरापैकी फक्त २६ टक्के त्याला ओळखता आला आणि माणसांनी लिहिलेल्यापैकी ९ टक्के त्याने यंत्राच्या नावावर टाकला. सहा महिन्यांत त्यांनी ते बंद केलं. त्याच वर्षी अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठाने टर्निटिन या साम्य तपासणाऱ्या कंपनीचं एआय ओळखणारं साधन बंद ठेवलं, आणि हिशोब साधा मांडला: आमच्याकडे २०२२ मध्ये ७५,००० पेपर या प्रणालीतून गेले. कंपनी म्हणते चूक फक्त एक टक्का. म्हणजे सुमारे ७५० पेपरांवर विनाकारण ठपका.

तुमच्यासाठी याहून महत्त्वाचा अभ्यास स्टॅनफर्डचा आहे, तोही २०२३ चाच. इंग्रजी ज्यांची मातृभाषा नाही अशांनी टोफेल परीक्षेत लिहिलेले ९१ निबंध सात डिटेक्टरांना दिले. सरासरी ६१ टक्के निबंध यंत्राने लिहिलेले ठरले! अमेरिकेतल्या आठवीच्या मुलांचे निबंध मात्र जवळजवळ सगळे सुटले. कारण असं की ही साधनं पुढचा शब्द किती अनपेक्षित आहे ते मोजतात. आपण मराठी शाळेत पाठ केलेल्या इंग्रजीत ठरलेल्याच शब्दांची ठरलेली वाक्यं लिहितो, आणि यंत्रही तेच करतं. म्हणजे उद्या तुम्ही प्रत्येक अक्षर स्वतः लिहिलंत तरी लाल आकडा येऊ शकतो. त्याला उत्तर एकच, तुमचे कच्चे खर्डे. मोडक्यातोडक्या इंग्रजीतल्या त्या फाइली पुसल्या नाहीत ना? तारखांसकट जपा. त्यांची लाज वाटून घेऊ नका, अडचणीच्या वेळी तुमच्या बाजूने बोलणारं तेवढंच असेल. हरियाणातल्या एका विद्यापीठाच्या विधी शाखेत २०२४ मध्ये विद्यार्थ्याला एआयचा मजकूर म्हणून नापास केलं, तो उच्च न्यायालयात गेला, विद्यापीठाने निर्णय मागे घेतला. तिथेही वाद शेवटी पुराव्याचाच होता.

मैत्रिणीच्या ॲपबद्दल एवढंच सांगते. शब्द फिरवून देणारी यंत्रं संशोधकांना नवी नाहीत. २०२१ मध्ये तीन संशोधकांनी शास्त्रीय लेखांतून असे फिरवलेले शब्द शोधून काढले, त्यात ‘ब्रेस्ट कॅन्सर’चं ‘बूझम पेरिल’ झालेलं होतं. वक्षसंकट म्हणा हवं तर. साम्य कमी झालं असेल, पण लेखक आजार ओळखत नाही हे जगजाहीर झालं. वरून, ॲप वापरणं म्हणजे लपवायचं ठरवून लपवणं. आजवर तुम्ही जे केलंत त्यात अजाणतेपणा आहे, घाई आहे. ॲपचे पैसे भरलेत त्या दिवशी हेतू बदलतो.

टक्के संपले. आता मुलाखती.

त्या ४२ जणींकडून तुम्ही संमतीपत्र घेतलं असेल. कुणी सही केली असेल, कुणी अंगठा उठवला असेल. त्यावर काय लिहिलं होतं? बहुधा हेच, की तुमची माहिती गुप्त ठेवू आणि फक्त अभ्यासासाठी वापरू. मग फाइल जशीच्या तशी एका परदेशी कंपनीच्या खिडकीत गेली. त्यात नाव होतं का? गावाचं? मुकादमाचं, कारखान्याचं, दवाखान्याचं? तुमच्या विषयात हे कोरडे तपशील नाहीत. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये विधिमंडळात गाजला, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, तेव्हापासून त्या बायकांना पत्रकारांनी, अधिकाऱ्यांनी, अभ्यासकांनी किती वेळा तेच तेच विचारलं असेल. तरी त्या तुमच्याशी बोलल्या. तुम्ही त्यांच्याच भागातल्या, त्यांच्याच बोलीत विचारणाऱ्या, म्हणून बोलल्या.

मी तुम्हाला घाबरवत नाही. ती माहिती उद्या चव्हाट्यावर येईल असं काही नाही. पण ती तुमच्या ताब्यातून गेली, आणि ती द्यायचा अधिकार तुमचा नव्हता. म्हणून आज हे करा. सेटिंगमध्ये जाऊन तुमच्या संभाषणांवरून मॉडेल शिकवण्याची परवानगी बंद करा. कोणत्या मुलाखती कोणत्या दिवशी टाकल्या त्याची यादी वहीत लिहा. यादी झाली की ती संभाषणं काढून टाका. आधी यादी, मग पुसणं, कारण उद्या कुणी विचारलं तर नेमकं उत्तर देता आलं पाहिजे. पुसलं म्हणजे तिकडूनही तत्क्षणी गेलं असं समजू नका. मूळ फाइलींत नावांच्या जागी खुणा टाका, मु-१, मु-२ अशा. कोणती खूण कुणाची ते वेगळ्या वहीत, कपाटात. नुसतं नाव काढून मात्र भागत नाही. तीनशे उंबऱ्यांच्या गावात ‘अमुक मुकादमाच्या टोळीतली, दोन मुलींची आई, गेल्या साली ऑपरेशन झालेली’ एवढ्यावर बाई कोण ते शेंबडं पोरही सांगतं.

बायकांना सांगायचं का? माझं मत, हो, निदान ज्यांच्या बोलण्यात आजारपण किंवा मुकादमाशी झालेलं भांडण आहे त्यांना. मार्च-एप्रिलात फड संपून टोळ्या गावी येतात. जा, ओट्यावर बसा, सांगा: तुमचं बोलणं इंग्रजीत करायला मी कॉम्प्युटरवरच्या एका मशिनला दिलं होतं, नाव काढायला हवं होतं, काढलं नाही. कुणी म्हणेल, जाऊ द्या ताई. कुणी म्हणेल, माझं काढून टाका. दुसरीचं खरंच काढावं लागेल. तुमच्या विद्यापीठात संशोधन नीतिमत्तेची समिती असेल तर तिलाही लेखी कळवा.

आणि आता ‘गमती’.

ऊसतोडीत कोयता म्हणजे नुसतं हत्यार नाही हे मी तुम्हाला काय सांगायचं. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, कोयत्यावर मिळते, हिशोब कोयत्याचा होतो, एकटं माणूस गेलं तर अर्धा कोयता. भाषांतरात तिथे ‘वन सिकल’ आलं असेल तर त्या वाक्यातून बाईच नाहीशी झाली. तिची मजुरी नवऱ्याच्या उचलीत कशी विरघळते हा तुमच्या प्रबंधाचा गाभा, आणि नेमका तोच शब्द विळ्यावर जाऊन बसला! खाड्याचं ‘पिट’ झालं म्हणता. खाडा म्हणजे बुडालेला दिवस, ज्याचे पैसे मुकादम कापून घेतो, आजारी असली तरी. खाडा आणि खड्डा यांत यंत्राची गल्लत झाली. पाळीच्या दुखण्यापायी पडलेला खाडा तुमच्या प्रबंधात आरोग्याचा पुरावा आहे, भाषांतरात तो रस्त्यावरचा खड्डा झाला. आणि ‘पिशवी काढली’, म्हणजे गर्भाशय काढलं, त्याचं ‘रिमूव्ह्ड द बॅग’. यावर हसू येत नाही मला.

हे शब्द तरी डोळ्यांना खुपतात म्हणून सापडतात. मला काळजी आहे ती न खुपणाऱ्या वाक्यांची. बाई अर्धं वाक्य बोलून गप्प झाली, तुम्ही तीन टिंबं दिली, आणि यंत्राने ते वाक्य तिच्या वतीने पूर्ण करून टाकलं, असं कुठे झालंय का? तिने ‘काय करावं मग’ म्हटलं त्याचं ‘आय फेल्ट हेल्पलेस’ झालंय का? पहिल्यात वैताग असेल, टोमणाही असेल, तुम्हालाच उलट विचारलेला प्रश्नही असेल. दुसऱ्यात फक्त बिचारी बाई उरते. गुळगुळीत इंग्रजीत चूक शोधणं हे मोडक्या इंग्रजीतली चूक शोधण्यापेक्षा अवघड असतं, म्हणून ‘दिसतील तशा’ चालणार नाही. प्रबंधात ज्या ज्या मुलाखतीतलं वाक्य घेतलंय ती मुलाखत मूळ मराठी डावीकडे, इंग्रजी उजवीकडे ठेवून ओळ न् ओळ ताडून बघा. कोयता, उचल, खाडा, टोळी, फड, पिशवी हे शब्द मराठीच ठेवा आणि सुरुवातीला शब्दसूचीत अर्थ द्या. निवडक उताऱ्यांचं मूळ मराठी परिशिष्टात छापा, त्याने प्रबंधाचं वजन वाढेल. दोन महिने कमी पडतील हे मला माहीत आहे. मुदत मागा. मुदतवाढीचा अर्ज एका पानाचा असतो.

संदर्भांकडे येऊ. जे दोन सापडले नाहीत ते बहुधा अस्तित्वातच नाहीत. हे यंत्र ग्रंथालयात जाऊन कार्ड बघत नाही. अशा विषयावर, अशा नावाच्या माणसाने, अशा नियतकालिकात लिहिलं असावं असं दिसणारं वाक्य ते जुळवतं. लेखक खरा, नियतकालिक खरं, लेख मात्र कधी लिहिलाच गेला नाही. न्यूयॉर्कमध्ये २०२३ साली एका विमान कंपनीविरुद्धच्या खटल्यात वकिलांनी असेच चॅटजीपीटीने रचलेले न्यायनिवाडे कोर्टात दाखल केले होते. न्यायाधीशांनी ५,००० डॉलरचा दंड ठोठावला. वकिलांची चूक यंत्र वापरलं ही नव्हती. निवाडा उघडून वाचला नाही, आणि शंका आल्यावरही रेटून नेलं, ही होती.

जुन्या ग्रंथपालाची एक युक्ती देते. समाजशास्त्रात ‘इकॉनॉमिक अँड पॉलिटिकल वीकली’चे संदर्भ हमखास असतात, आणि यंत्रही हमखास तेच नाव देतं. हे साप्ताहिक या नावाने १९६६ मध्ये सुरू झालं, तो खंड १. म्हणजे सालातून १९६५ वजा केले की खंड क्रमांक मिळतो, २०११ म्हणजे खंड ४६. संदर्भात २०११ आणि खंड ३८ असं दिसलं तर पुढे शोधायचीही गरज नाही. जुळला म्हणजे खरा असंही नाही, मग अंक काढून पानच बघायचं. डीओआय, म्हणजे लेखाचा इंटरनेटवरचा ओळखक्रमांक, असेल तर तो टाकून कोणता लेख उघडतो ते बघा, कित्येकदा भलत्याच विषयाचा उघडतो. प्रबंध असेल तर शोधगंगा या भारतीय प्रबंधांच्या संकेतस्थळावर शोधा. मराठी पुस्तकांच्या बाबतीत यंत्रावर काडीचाही भरवसा ठेवू नका. आपली निम्मी पुस्तकं इंटरनेटवर नाहीतच, जुनी अहवालवजा पुस्तकं तर नाहीतच नाहीत. त्यासाठी पुण्याला गोखले इन्स्टिट्यूटच्या धनंजयराव गाडगीळ ग्रंथालयात दोन दिवस बसणं हाच मार्ग. साखर आणि शेतमजुरीवर तिथे जे मिळेल ते तुमच्या मोबाइलला ठाऊकही नसेल.

उरलेले तीन-चार संदर्भ सापडले म्हणून खुश होऊ नका. सापडले, पण तुम्ही वाचलेत का? दुसऱ्या प्रकरणाचं खरं दुखणं हेच आहे. सारांश यंत्राचा, परिच्छेद यंत्राचा, आणि खाली संदर्भ लेखकाचा, म्हणजे ‘मी हा लेख वाचला’ असा दावा. तो खरा नाही. ते परिच्छेद काढून टाका. लेख आणा, वाचा, आणि मराठीत टिपणं काढा. हो, मराठीत. तुमची विचार करायची भाषा ती आहे. मग त्या टिपणांवरून लिहा. १८ लेखांचा आढावा ९ लेखांवर आला तर येऊ दे. व्हायवाला परीक्षक एखादं नाव घेऊन विचारतात, “यांचं म्हणणं तुम्हाला का पटत नाही?” तेव्हा सारांश कामाला येत नाही.

इंग्रजी नीट करून घेणं हा मात्र माझ्या लेखी गुन्हा नाही. आमच्या काळी विद्यापीठाच्या फाटकासमोर डीटीपीची दुकानं होती, तिथे टायपिंगबरोबर इंग्रजीही ‘करून’ मिळायचं, आणि थोडे जास्त पैसे दिले तर प्रकरणही. ऋणनिर्देशात त्या दुकानदाराचं नाव मी एकदाही वाचलं नाही. इंग्रजीचे प्राध्यापक असलेल्या मेहुण्याचे आभार मात्र वाचलेत. ज्यांच्या घरात असा मेहुणा नाही त्यांना हे यंत्र मिळालं याचं मला वाईट वाटत नाही. वाक्य तुमचं, मुद्दा तुमचा, यंत्राने क्रियापद सरळ केलं, इथवर ठीक. एकदा वाचून बघा की सरळ करताना त्याने तुमचा ‘कदाचित’ खाल्ला का. तो खातो. ‘काही बायकांनी सांगितलं’चं ‘विमेन रिपोर्टेड’ करतो.

आता तुमचा मूळ प्रश्न, संदर्भ द्यायचा कसा. कार्यशाळेतल्यांनी दोन वेगळ्या गोष्टी एकत्र केल्या असाव्यात. संदर्भ देणं एक, वापर जाहीर करणं दुसरं.

संदर्भ तेव्हा, जेव्हा यंत्राने दिलेला मजकूरच तुम्ही प्रबंधात दाखवता. संदर्भ लिहिण्याच्या ठरलेल्या शैली आहेत, त्यातल्या एपीएने एप्रिल २०२३ मध्ये सांगितलं की चॅटजीपीटीशी झालेलं बोलणं ‘खासगी पत्रव्यवहार’ म्हणून दाखवू नका, कारण पलीकडे व्यक्ती नाही. लेखकाच्या जागी कंपनीचं नाव, म्हणजे ओपनएआय, मग साल, साधनाचं नाव आणि आवृत्ती, चौकटी कंसात ते काय आहे याचं वर्णन, शेवटी वेबपत्ता. लांबलचक उत्तरं हवी तर पूर्ण परिशिष्टात. एमएलए शैलीत लेखकाची जागा रिकामी सोडतात आणि तुम्ही काय विचारलंत ते शीर्षकाच्या जागी येतं. शिकागो शैली तळटिपेवर भागवते. तुमच्या विद्यापीठात कोणती चालते ते बघून तेवढीच धरा. पण ऊसतोड मजूर किती, कायदा काय म्हणतो, असल्या माहितीसाठी चॅटजीपीटीचा संदर्भ देऊ नका, कोणत्याच शैलीत. ते सांगतं ते दुसऱ्या कुणाचं तरी असतं, त्या दुसऱ्याकडे जा.

तुमच्या प्रबंधात अशा संदर्भाची खरी जागा एकच दिसते मला. संशोधन पद्धतीच्या प्रकरणात भाषांतराबद्दल दोन पानं लिहा आणि ‘पिशवी’चं, ‘कोयत्या’चं यंत्राने काय केलं ते उदाहरणासह, रीतसर संदर्भ देऊन दाखवा. ज्या गोष्टीची तुम्हाला लाज वाटते आहे, तीच परीक्षकांना तुमच्या प्रबंधात सर्वांत नवी वाटण्याचा संभव आहे.

जाहीर करणं हे त्याच प्रकरणात, चार ओळींत. साधारण असं: ‘या प्रबंधातील माझ्या मूळ इंग्रजी मजकुराची भाषा सुधारण्यासाठी अमुक काळात चॅटजीपीटी वापरले. मुलाखतींचे पहिले भाषांतर त्याच साधनाने केले. ते मी मूळ मराठीशी ताडून सुधारले आहे. त्या वेळी नावे वगळली नव्हती. त्यानंतर केलेली कार्यवाही परिशिष्टात दिली आहे. विश्लेषण, निष्कर्ष व संदर्भांची निवड माझी असून मजकुराची जबाबदारी माझी आहे.’ याचं इंग्रजी तुम्हीच करा, मोडकं झालं तरी. आणि यातलं प्रत्येक वाक्य खरं झाल्यावरच ते लिहा, आत्ता तिसरं आणि शेवटची दोन खरी नाहीत. प्रबंधातून पुढे लेख काढाल तेव्हा नियतकालिकाचा नियम वेगळा असू शकतो. ‘नेचर’ने जानेवारी २०२३ मध्ये आणि प्रकाशन नीतिमत्तेच्या ‘कोप’ या समितीने फेब्रुवारीत स्पष्ट केलं की एआय लेखक होऊ शकत नाही. भाषा सुधारणं जाहीर करावं की नको, यावर मात्र प्रकाशकांत एकमत नाही, तेव्हा ज्याचा नियम त्याला विचारा.

कबुली दिल्यासारखं होईल म्हणता. होईल. पण कोर्सवर्कमध्ये ‘रिसर्च अँड पब्लिकेशन एथिक्स’चा दोन क्रेडिटचा पेपर दिलात ना? पोपटपंची करून का होईना, त्यात पारदर्शकता वगैरे लिहिलंच असेल. काम मूळचं तुमचं आणि चौर्यमुक्त आहे असं प्रतिज्ञापत्र देताना, त्याच्या आधीच्या पानांत हे चार ओळींचं निवेदन असलं तर सही करताना हात थरथरणार नाही.

सरांचं जरा नाजूक आहे. ‘कुठे लिहू नका’ हे त्यांनी तोंडी सांगितलं, आणि उद्या प्रश्न आला तर ते तोंडीच राहील. त्यांच्याशी वाद घालू नका, तासिकेवाल्यांना तो परवडत नाही हे मी जाणते. एक ई-मेल करा: ‘सर, संशोधन पद्धतीच्या प्रकरणात एआयच्या वापराबद्दल पुढील मजकूर घालते आहे, कृपया पाहावा,’ आणि खाली निवेदन जोडा. दर सहा महिन्यांनी संशोधन सल्लागार समितीपुढे जो प्रगती अहवाल जातो त्यातही तीच ओळ असू द्या. सर गप्प राहिले तरी तुमची बाजू कागदावर आली. मार्गदर्शक म्हणून त्यांनाही प्रमाणपत्रावर सही करायची असते, ती करताना त्यांनाही हा कागद उपयोगी पडेल. बहुतेक सर लोक एआयबद्दल उदार नसतात, त्यांनी फक्त नियम वाचलेले नसतात.

तुमच्या वर्गातल्या मुलांबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण दीडशे मुलांच्या असाइनमेंट तुमच्याकडे येत असणार आणि निम्म्या एकाच सुरात असणार. इंग्लंडमधल्या लीड्स विद्यापीठाने सिग्नलसारखे तीन रंग ठरवलेत: या कामात एआय अजिबात नाही, इथे मदतीपुरतं, इथे वापरायलाच हवं. तुम्ही तीन रंग फळ्यावर लिहू शकता, त्याला परिपत्रक लागत नाही.

उद्या प्रबंधाची फाइल उघडाल तेव्हा पहिलं काम हे करा, कंट्रोल दाबून एफ, आणि ‘बॅग’. मग ‘पिट’. मग ‘सिकल’. किती निघाल्या ते मला कळवा.